गाडीला पाठ दाखवणारे गुरपादप्पा अण्णा

दुधनीला न थांबणारी गाडी आली, की आमचे शेजारी गुरपादप्पा अण्णा फलाटावर तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. धुरळा अंगावरून जातो, धोतर फडफडतं, पण अण्णा वळून बघत नाहीत. शेवटचा डबा गेला, की टोपी काढून झटकतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जी गाडी आपल्याला वळख देत न्हाय, तिला आपण का तोंड दाखवायचं?"

अण्णांचा रेल्वेशी काडीचा संबंध नाही. जन्म तुरीच्या आडतीत दिवाणजी म्हणून गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. काम सुटलं तसं त्यांनी स्वतःच स्वतःला स्टेशनवर नेमून घेतलं. मी नोकरीसाठी रोज सोलापूरला जातो. जाताना अण्णा फलाटावर असतात आणि येतानाही असतात. गाडी उशिरा असल्याबद्दल लाउडस्पीकरवरची बाई खेद व्यक्त करते, तेव्हा अण्णा वर बघून तिची समजूत घालतात. "असू दे बाई, तुमी तरी काय करणार."

उतरणाऱ्या माणसाचं स्वागत करणं हे त्यांचं मुख्य काम. "बर्री, बर्री, या," असं कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत म्हणत ते पिशवीला हात घालतात. ओळख असलीच पाहिजे असं नाही. पुण्याकडून बँकेत बदलून आलेल्या एका साहेबांना वाटलं, बँकेनंच माणूस पाठवलाय. ते निमूट मागून चालले. अण्णांनी त्यांना दगडी इमारत दाखवली, पूर्वी घंटा म्हणून जिथं रुळाचा तुकडा टांगलेला असे ती जागा दाखवली, कोळशाचं इंजिन पाणी प्यायला कुठं थांबायचं तेही दाखवलं. संडास आणि पिण्याचा नळ तर अभिमानानं दाखवला. साहेब बँकेत पोचले तेव्हा जेवायची सुट्टी झाली होती.

लोक हसायचे. मीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. कलबुर्गीकडून आलेल्या पॅसेंजरमधून एक म्हातारी उतरली. गाणगापूरच्या पलीकडच्या खेड्यातली, निघाली होती अक्कलकोटला. दुधनीलाच अक्कलकोट समजून ती लगबगीनं खाली आली. मुलगा आणि सून डब्यातच राहिले. गाडी हलली तेव्हा तिला चूक कळली. ती गाडीमागं चार पावलं धावली आणि मटकन खाली बसली. जवळ फोन नाही, मराठीचा एक शब्द येत नाही.

अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि कानडीत हळूहळू बोलत राहिले. तिच्याकडून मुलाचं नाव काढून घेतलं. मग स्टेशन मास्तरांना गाठलं. त्यांनी पुढं फोन केला, अक्कलकोट रोड स्टेशनवर मुलाला हुडकून निरोप दिला. तो उलट्या गाडीनं येतो म्हणाला, पण ती गाडी संध्याकाळची होती.

अण्णांनी तिला घरी चला म्हटलं. मुलगा आला आणि मी नसले तर, असं म्हणून ती बाकावरून उठेना. मग अण्णाच घरी जाऊन ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन आले. भाकरी त्यांनी स्वतः थापली होती, ते तिच्या आकारावरून दिसत होतं. म्हातारीनं ती उलटसुलट करून बघितली आणि पहिल्यांदा हसली. उन्हं उतरेपर्यंत दोघं बोलत बसली होती; माझाही पाय तिथून निघाला नाही. इतकं बोलताना मी अण्णांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात स्टेशनच्या इतिहासाचा एक शब्द नव्हता.

संध्याकाळी मुलगा उतरला तो आईवर डाफरतच. अण्णा मधे उभे राहिले.

"आईला वरडू नका. त्यांची काय चूक? आमचं स्टेशनच असं हाय, बघितलं की उतरावंसं वाटतंय."

जाताना म्हातारीनं अण्णांना गावी यायची गळ घातली. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी ते विसरून गेलो.

नागपंचमी झाली आणि एके दिवशी अण्णा फलाटावर दिसले नाहीत. कळलं, की इस्त्रीचं धोतर नेसून, पिशवीत शेंगाचटणी घेऊन ते कलबुर्गीच्या गाडीत बसले. एवढ्या वर्षांत त्यांना गाडीत बसताना कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराच्या कट्ट्यावर भेटले. मी चेष्टेनं विचारलं, कसं काय होतं तिथलं स्टेशन?

"बरं हाय. फलाट जरा आखूड हाय."

मग बराच वेळ ते उपरण्याची घडी घालत बसले, मोडत बसले.

"लेकाला फोनवर कळवलं हुतं, तर म्हातारीच न्यायला आली हुती," ते म्हणाले. "उन्हाची. गाडी यायच्या लई आदी येऊन बसली हुती म्हणं."

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"मला कुटं कुणी न्यायला आलं न्हवतं की कदी," अण्णा म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.