मॅक्युलाचे चार तास

"उद्यापासून तुम्ही डॉक्टर नाही," बायको म्हणाली.

मूळ मजकूर इतका उद्धट नव्हता. 'आज सायंकाळी पाचपर्यंत निरंतर शिक्षणाचे उरलेले चार गुण जमा न झाल्यास आपली नोंदणी स्थगित होईल' एवढंच पत्रात होतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाइल हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला, तेव्हा तिने तो काढून घेतला आणि सारांश सांगून टाकला. खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, त्याला लागून तिचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकं करणाऱ्या बाईला लांबण लावायची सवय नव्हती.

"हे असं आज कळवतात?" डॉक्टर ओरडले.

"हे पाचवं पत्र आहे. आधीची चार तुम्ही उघडलीच नाहीत."

"मला वाटलं, जाहिराती आहेत!"

"उद्या सात ऑपरेशनं आहेत."

डॉक्टर मट्‌कन खुर्चीत बसले. ती खुर्ची नव्हती, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, पण त्या क्षणी त्यांना फरक कळला नाही.

त्या गुणांसाठीचा अभ्यासक्रम चार तासांचा, घरबसल्या करायचा. विषय: मॅक्युलाचे आजार. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरचा अगदी मधला ठिपका. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. डॉक्टरांचा हात मात्र मोतीबिंदूवर बसलेला. मॅक्युलाचा पेशंट आला की ते चिठ्ठी लिहून मोठ्या रुग्णालयात पाठवत आणि पुढच्याला आत बोलावत.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "लावून ठेवतो एका बाजूला. चालू राहील."

मिनिट बारा

डॉक्टर एका काकांच्या डोळ्यात थेंब टाकत होते, तेवढ्यात टेबलावरून मोबाइलने विचारलं:

प्रश्न. आपण अजून हजर आहात का? उत्तरासाठी तीस सेकंद. उत्तर न आल्यास अभ्यासक्रम पहिल्यापासून सुरू होईल.

"हजर! हजर!" डॉक्टर म्हणाले. मोबाइलला ऐकू येत नव्हतं. त्यांनी बटण दाबायला बोट लावलं, बोट औषधाने ओलं होतं, ते काचेवरून घसरलं, पुन्हा घसरलं, काका म्हणाले, "माझ्याशी बोलताय का?" आणि

मिनिट शून्य

डॉक्टरांनी मोबाइल दुकानात नेऊन बायकोच्या हातात दिला. "फक्त बटण दाबायचं."

"आणि दुकान?"

"दुकान चालव की. त्यात काय एवढं."

मिनिट चोवीस

एक बाई नवी फ्रेम लावून आरशापुढे उभी. तिने विचारलं, "मी यात कशी दिसते?" नेमकं त्याच वेळी मोबाइलने विचारलं, "आपण अजून हजर आहात का?" डॉक्टरांच्या बायकोने दोघांपैकी पैसे देणाऱ्या बाईला उत्तर दिलं. चांगलं अर्ध्या मिनिटाचं उत्तर दिलं.

मिनिट शून्य

बारा चाळीस झाले होते. आत्ता सुरू केलं तर चार चाळीसला संपेल. पुन्हा चुकलं तर सगळं संपलं.

"आता एकच माणूस उरलंय," बायको म्हणाली.

दोघांनी छताकडे पाहिलं. वर आई होत्या. डॉक्टरांच्या आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. अडचण एकच होती. त्या रुसल्या होत्या, आणि तेही गेले आठ महिने.

"माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत," बायको म्हणाली. "बोलतात माझ्याशी, बघतात खिडकीकडे."

"माझ्या कानाकडे बघते," डॉक्टर म्हणाले. "नेहमी उजव्या."

रुसवा कशाचा, हे दोघांनाही कळलेलं नव्हतं. बायकोला वाटे, जुनं कपाट देऊन टाकलं म्हणून. डॉक्टरांना वाटे, बायकोमुळे. समजूत काढायला त्यांनी नवा टीव्ही आणला, मग आरामखुर्ची आणली. आईंनी दोन्ही वेळा खिडकीचे आभार मानले होते.

डॉक्टर वर गेले, लॅपटॉप मांडला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या जागी मी बसायचं?" आईंनी त्यांच्या उजव्या कानाला विचारलं.

"फक्त बटण दाबायचं, आई. हिरवं. कोपऱ्यात."

"शाळेत मी याबद्दल पोरांना वर्गाबाहेर काढायचे."

"आई, उद्या सात माणसांचे डोळे माझ्यावर अवलंबून आहेत गं!"

आईंनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. "आवाज मोठा कर. आणि जाताना दार लाव."

"लागत नाही ते."

"माहीत आहे मला," आई अशा काही म्हणाल्या की डॉक्टर एकेक पायरी गाळत खाली आले.

मिनिट बारा. हजर. मिनिट चोवीस. हजर. मिनिट छत्तीस. हजर.

डॉक्टरांच्या मोबाइलवर हिरव्या खुणा उमटत होत्या. प्रत्येक खुणेला ते एक पेशंट तपासत आणि एक घोट चहा घेत. बहात्तराव्या मिनिटाला घोट घशातच अडकला.

प्रश्न. मॅक्युला झिजू लागल्यावर रुग्णाच्या सर्वप्रथम काय लक्षात येते?

"हे काय? हे तर खरंच विचारतायत!" ते धावत दुकानात गेले. "मेलो! आईला काय माहीत?"

हिरवी खूण. बरोबर.

"अंदाजे दाबलं असेल," बायको म्हणाली.

शहाण्णव. बरोबर. एकशे वीस. बरोबर. दोघं मोबाइलवर वाकून उभे, काउंटरपाशी गिऱ्हाईक ताटकळत. एकशे चव्वेचाळीस:

प्रश्न. पुढीलपैकी कोणत्या रुग्णाला त्याच दिवशी तपासावे?

"ब," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटून सांगतो, ब."

वरून उत्तर आलं, क. हिरवी खूण.

डॉक्टरांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, त्यावरची धूळ फुंकली, पान शोधलं. क. मधली नजर अचानक गेलेला रुग्ण. ते पुस्तक उघडंच धरून उभे राहिले.

"अहो," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "आईंना हे कसं येतंय?"

"गणित होतं ना तिचं," डॉक्टर म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

चार चाळीस. अभ्यासक्रम संपला. डॉक्टरांनी कपाळ पुसलं, एका काकांना तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली आणि मोबाइलकडे पाहिलं.

आता तोंडी परीक्षा. परीक्षक आपल्याशी पंधरा मिनिटे बोलतील. प्रमाणपत्र चार पंचावन्नला.

"काका, हनुवटी काढू नका!" म्हणत ते जिन्याकडे पळाले.

वरचं दार अर्धवट उघडं होतं. आत लॅपटॉपमधून एका बाईंचा प्रसन्न आवाज येत होता.

"वय अठ्ठ्याहत्तर? आणि अजून काम करता? कमाल आहे हो, डॉक्टर!"

"काम कसलं. शिकवत होते," आई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत.

"वाटलंच मला! आता शेवटचं. एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणा आणि तोच होऊन बोला. मी तपासणारी. हं, काय त्रास होतोय?"

डॉक्टरांनी दाराला कान लावला.

"सरळ रेघा वाकड्या दिसतात," आई म्हणाल्या. "आठ महिने झाले. आधी या दाराची चौकट वाकली. मुलाला सांगितलं. त्याने सुतार पाठवला."

"सुतार?"

"त्याने रंधा मारून मारून चौकट खरंच वाकडी करून ठेवली. तेव्हापासून दार लागत नाही. मग फरशीला फुगवटा दिसायला लागला. सांगितलं. गवंडी आला. मग पेपरातली अक्षरं मधूनच गळायला लागली. मुलाने पेपर बदलला. म्हणाला, त्या लोकांची छपाईच वाईट."

परीक्षकबाई हसायला लागल्या. "आणि हा मुलगा करतो काय?"

"डोळ्यांचा डॉक्टर आहे."

बाईंना हसू आवरेना. "हे जरा जास्तच रंगवलंत हं! पण छान. चालू द्या."

दाराबाहेर डॉक्टरांनी वाकड्या चौकटीवरून हात फिरवला. सुताराची मजुरी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती. वर बक्षीसही दिलं होतं.

"मग सांगायचं सोडलं," आई म्हणाल्या. "माणूस समोर आलं की चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो. कानाकडे बघितलं की कडेने चेहरा दिसतो थोडा. सुनेला वाटतं, मी रुसलेय. म्हटलं वाटू दे. रुसले तर टीव्ही आला, खुर्ची आली. दिसत नाही म्हटलं असतं तर नुसती काळजी आली असती."

"मुलावर राग नाही?"

"नाही हो. तपासतो चांगला. पण त्याच्यासमोर माणूस हनुवटी टेकवून बसलेलं लागतं. जेवताना तो कुणाचे डोळे बघत नाही."

चार एकोणपन्नास. मागून बायको आली होती. तिने सगळं ऐकलं होतं, तिचे डोळे भरले होते, आणि तरी ती डॉक्टरांच्या कानात कुजबुजली, "सहा मिनिटं. सहाच मिनिटं थांबा. मग आपण बघू त्यांना."

डॉक्टरांनी मान डोलावली. आठ महिन्यांत सहा मिनिटांनी काय होणार होतं?

"आणि आत्ता कसं आहे?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"परवा सकाळी डाव्या डोळ्याचं मधलं सगळंच गेलं. एकदम काळं. हे तातडीचं असतं, ते मला तुमच्या एकशे चव्वेचाळिसाव्या मिनिटाला कळलं. पण त्याची परीक्षा चालू होती ना. मधे उठणार कशी?"

दार भिंतीवर आपटलं.

"आई, ऊठ!"

"कोण आहे तिथे?" लॅपटॉपने विचारलं.

"मी डॉक्टर!"

"मग या कोण?"

"पेशंट!"

"कुणाच्या पेशंट?"

डॉक्टरांनी आईंना हाताला धरून उठवलं. "आठ महिने कुणाच्याच नाहीत," ते म्हणाले.

"सहा मिनिटं राहिली होती," बायको दारातून पुटपुटली. पण सासूबाईंच्या चपला तिच्या हातात होत्या.

परीक्षकबाईंचा आवाज बदलला. "आत्ता पडदा तपासा. रक्त दिसलं तर उद्या आठला मोठ्या रुग्णालयात माझ्याकडे आणा, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. परीक्षा मी रद्द करतेय. का, ते सांगायला नको."

"नको."

"त्यांना गुण देता येत असते तर दिले असते."

मिनिट शून्य

खाली काका अजून यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. "काढू का आता?" त्यांनी विचारलं. त्यांच्या जागी आई बसल्या. या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. डॉक्टरांनी भिंग धरलं.

"काय दिसतंय?"

"रक्त आहे, आई."

"बघ. मी काही मनाचं सांगत नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घरून सात जणांना फोन करत होती, आणि डॉक्टर आईंचा हात धरून मोठ्या रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीपाशी उभे होते.

"नातेवाईक बाहेर," सिस्टर म्हणाली.

"अहो, मी डॉक्टर..."

"आजच्या तारखेला नाही," आतून मास्कमागून कालच्या परीक्षकबाईंचा आवाज आला. सिस्टरने त्यांच्या हातात आईंचा चष्मा, पर्स आणि कवळीची डबी दिली आणि दार लावलं. दार लगेच लागलं.

बाकावर शेजारी एक गृहस्थ बायकोची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. "कोण आत?"

"आई."

"कधीपासून दिसत नव्हतं?"

"आठ महिने."

"आठ महिने!" गृहस्थ बाकावरून अर्धे उठले. "आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? कमाल आहे! काय करता काय तुम्ही?"

डॉक्टरांनी कवळीची डबी या हातातून त्या हातात घेतली.

"शिकतोय," ते म्हणाले.

"या वयात? कशाचं?"

"डोळ्यांचं."

गृहस्थांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बायकोची फाइल उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.