मेहुणीला सर्व्हर दिसेना

"ताई, सांग त्यांना, दिसत नाहीये!" बंद दाराआडून मेहुणी म्हणाली.

'ते' म्हणजे जावई. दारापासून चार पावलांवर, सासुरवाडीच्या हॉलमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी बायकोने निरोप पोचवलाच. लग्नाला चार महिने झाले, पण मेहुणी त्यांच्याशी थेट एक अक्षर बोलली नव्हती. लग्नाआधी दोघी बहिणी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचं गाव बांधायचा खेळ खेळायच्या. ताई सासरी गेली आणि गाव अर्धवट राहिलं. जावयांनी आठ दिवस खपून ते गाव आपल्या लॅपटॉपवर पुन्हा उभं केलं होतं. आता घरातल्या वायफायवर त्याचा सर्व्हर मेहुणीच्या कॉम्प्युटरवर दिसला, की ती खेळेल, आणि खेळता खेळता निदान 'हं' तरी म्हणेल, एवढीच बिचाऱ्यांची आशा.

"जावईबापू कॉम्प्युटर कंपनीत आहेत. त्यांना काय अवघड!" सासरे म्हणाले.

जावई कॉम्प्युटर कंपनीत होते हे खरं, पण लोकांच्या रजा मंजूर करायला. लग्न ठरताना हा तपशील कोणी विचारला नाही, त्यांनीही सांगितला नाही.

त्यांनी गंभीरपणे खेळाची आवृत्ती तपासली. दोन्हीकडे एकच. मग लॅपटॉपची राखण करणारी फायरवॉल बंद केली. "ताई, अजून नाही." मग सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहून कागद दाराखालून आत सरकवला. तो तसाच परत आला, खाली सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहून.

सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. "आमच्याकडे निम्मी दुखणी अशीच बरी व्हायची," म्हणत त्यांनी घराचा मेन स्विच पाडला आणि वर केला. वॉशिंग मशीन बिचारं पहिल्यापासून कपडे धुवायला लागलं आणि सासूबाई स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटल्या. सर्व्हर दिसला नाही तो नाहीच.

"आता सरळ वायर टाकायची," सासरे म्हणाले. राउटर मेहुणीच्या खोलीत होता.

"ताई, सांग, मी दार उघडणार नाही."

"नको उघडूस!" सासऱ्यांनी ड्रिल आणलं. "भिंतीतून नेतो."

"बाबा, त्या भिंतीत पाइप आहे ना?" बायकोने विचारलं.

"उभं राहून बांधून घेतलंय मी हे घर. पाइप पलीकडच्या अंगाला आहे."

पाइप अलीकडच्याच अंगाला होता. धार थेट जावयांच्या छातीवर आली. त्यांनी झटक्यात लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तसेच उभे राहिले. सासूबाई पातेली घेऊन धावल्या, बायकोने बाहेरचा मुख्य नळ बंद केला. तोवर हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी झालं होतं.

"जावईबापू," सासरे पडेल आवाजात म्हणाले, "आता तुम्हीच काय ते सांगा. तुम्ही यातले तज्ज्ञ."

"कसला तज्ज्ञ हो!" जावयांना आता राहवेना. "मी कंपनीत लोकांच्या रजा मंजूर करतो. यातलं मला ओ की ठो कळत नाही. तिने एकदा माझ्याशी बोलावं, म्हणून हा सगळा खटाटोप."

जावयांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. मग कडी वाजली, दार उघडलं. मेहुणीने त्यांच्याकडे आणि त्यांच्या डोक्यावरच्या लॅपटॉपकडे नीट पाहिलं.

"भावोजी, तुम्ही कुठल्या वायफायवर आहात?"

बायकोच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"पाहुण्यांच्या," जावई चाचरत म्हणाले. "आईंनी आम्हा दोघांना त्याचाच पासवर्ड दिला."

"मग कसं दिसेल? त्यावरचं मशीन घरच्या मशीनला दिसतच नाही. मीच तसं करून ठेवलंय."

"कधी गं?" ताईने विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. पासवर्डही तेव्हाच बदलला." मेहुणीने मान खाली घातली. "लिहा भावोजी. घरचा पासवर्ड. आधी ताई, मग परत, मग ये. इंग्रजीत, सगळं जोडून."

जावयांनी लॅपटॉप खाली घेतला आणि एकेक अक्षर दाबलं. मेहुणीच्या कॉम्प्युटरवर गावाचं नाव आलं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"बदल गं तो आता," ताई कशीबशी म्हणाली. "आलेय ना मी."

"रविवारी जाणार ना?"

"हो."

"मग राहू दे."