नळीतला निळा रंग

सातव्या महिन्यात येमिमाच्या लघवीत साखर निघाली आणि इस्राएलमधल्या रामला गावच्या त्या छोट्या घरातून गोडधोड हद्दपार झालं. दवाखान्यातल्या नर्स रिव्काने निळ्या औषधाची एक बाटली येमिमाच्या नवऱ्याच्या, बारूखच्या हाती दिली.

"रोज हे औषध नळीत घ्यायचं, लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. विटेसारखं लाल झालं तर धावत माझ्याकडे. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे."

पहिले काही दिवस नळी कधी हिरवी व्हायची, कधी पिवळी, म्हणजे साखर होती, पण थोडी. मग एका सकाळी फळी पुसताना बारूखच्या आईचा, रोझीबाईंचा हात लागला आणि बाटली मोरीत उपडी झाली. मुलगा ओरडेल या धास्तीने रोझीबाईंनी मुंबईहून आणलेली कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवली.

त्या दिवसापासून नळी निळीशार!

"आई, साखर गेली!" बारूख नाचायचाच बाकी राहिला.

"जायचीच. मी रोज प्रार्थना करत्ये ना!" रोझीबाई म्हणाल्या. मुलाचा आनंद बघून हळूहळू त्यांनाही ते खरं वाटायला लागलं. ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणाला त्यांनी हलवा केला आणि सुनेला आग्रह करकरून वाढला. नळी निळीच.

शंका आली ती येमिमालाच. "मला सारखी तहान लागते, आणि नळी म्हणते सगळं ठीक?" तिने सणाला सफरचंदाबरोबर खायला आणलेला मध नळीतल्या औषधात घालून उकळला. निळा!

"बारूख, या बाटलीच्या मते मधही गोड नाही."

रोझीबाईंचा चेहरा पडला. "अगो, ती नीळ आहे. औषध सांडलं माझ्याकडून. निळं दिसलं की तुम्ही खूश होता, म्हणून जरा गडदच केली."

येमिमाने पोटावर हात ठेवला. "आई, बाळाला काही झालं तर?"

डोळे पुसत रोझीबाईच सगळ्यांच्या आधी दवाखान्याकडे निघाल्या.

रिव्काची नळी लालभडक झाली. तिने इन्सुलिन सुरू केलं, हिब्रूत सगळ्यांना झाडलं आणि नवी बाटली थेट रोझीबाईंच्या हातात ठेवली. "बारूख, आईला सांग, आता जबाबदारी तिची."

रोझीबाईंनी साखरेचा डबा कुलपात टाकला. शेजारणीने आणलेली केकची बशी उंबऱ्यावरूनच परत गेली. येमिमाने एकदा चोरून खजूर तोंडात टाकला, तर सासूने तोंड उघडायला लावून तो बाहेर काढला. हिवाळ्याच्या तोंडावर मुलगी झाली, ठणठणीत.

रिव्का बाळाला बघायला आली ती काम घेऊनच. "बारूख, माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायका पथ्य पाळत नाहीत. आईला जरा पाठवतोस?"

"तिला हिब्रू कुठे येतं?"

"नसलं येत तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी रोझीबाई दवाखान्यात गरोदर बायकांच्या बाकासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि एकेकीकडे डोळे वटारून बघू लागल्या. थोड्या वेळाने एका रुमानियन बाईने निमूटपणे पर्समधलं चॉकलेट काढून त्यांच्या हातात दिलं. ते बघून शेजारचीनेही आपली पिशवी उघडली.