कापशाचे केस आणि वकीलबाईंचं टेबल

"या टेबलावर एक जरी केस सापडला, तर धंदा सोडेन!" पॉलिशवाल्यानं सकाळी बायकोला बजावलं. कुत्र्याच्या पांढऱ्या केसांपायी आधीची दोन कामं परत आली होती. आता वकीलबाईंचं काळंभोर टेबल बिघडलं असतं, तर गावात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

कुत्र्याचं नाव कापशा. बारा महिने झडूनही टक्कल न पडणारा! चहात केस, उशीत केस, दाढीच्या साबणातही केस. झाडून झाडून पॉलिशवाला मेटाकुटीला आला होता.

"या घरात एक तर त्याचे केस राहतील, नाही तर मी!" असं म्हणून तो दुकानात गेला.

दार लावलं, पंखा बंद केला, अंगातला शर्टही बाहेर टांगला आणि श्वास रोखून शेवटचा हात मारला. पॉलिश वाळल्यावर बघतो तर काय, टेबलभर पांढऱ्या बारीक रेघा! हातातलं फडकं घरून आणलेलं होतं. कापशाच्या जुन्या चादरीचं.

तेवढ्यात वकीलबाई आल्याच.

"हे काय?"

"मॅडम, ते... आपोआप आलंय."

"लाकडातच आहे? अगंबाई, किती नाजूक! अशाच सहा खुर्च्या करा. पण हुबेहूब हं! नाही तर टेबलही परत."

पॉलिशवाला धापा टाकत घरी पोचला. दारात एक गुलाबी, तुकतुकीत प्राणी शेपटी हलवत होता.

"हे कोण?"

"अहो, आपला कापशा! मशीन फिरवून आणलं. सकाळी किती वैतागला होतात!"

"आणि केस?"

"गेले कचऱ्याच्या गाडीत! गाद्या झाडल्या, चादरी धुतल्या. एक तरी केस शोधून दाखवा!"

त्यानं खरंच शोधला. पलंगाखाली, कपाटामागे, रांगत रांगत. एक मिळेल तर शपथ! शेवटी जमिनीवरच फतकल मारून त्यानं सगळी हकिकत सांगितली. बायको ऐकत होती, पण तिची नजर त्याच्या डोक्यावर खिळली होती.

"अहो, तुमचे किती छान पिकलेत!"

त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, पण ती कात्री आणायला उठलीसुद्धा.

खुर्च्या हुबेहूब झाल्या, वकीलबाई बेहद्द खूश झाल्या. पॉलिशवाला हल्ली घरातही टोपी घालून बसतो. कापशाचे केस मात्र भराभर वाढताहेत. कालच चहात एक सापडला.