चौदा नंबरचा चिखल

सासरेबुवांच्या सत्तराव्या वाढदिवसाला जावयाने जे पार्सल आणलं, ते उघडायला घरात कात्री सापडेना. पुढे जे झालं ते पाहता ती सापडली नसती तरच बरं झालं असतं. पण लेकीने ती फ्रीजच्या मागून शोधून काढली, पाहुण्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या, आणि जावयाने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

आतून निघाली एक निळी, लांब बाह्यांची फुटबॉलची जर्सी. पाठीवर पांढरा चौदा आकडा. डाव्या कोपरावर आणि पोटावर वाळलेला चिखल.

"बाबा, ओळखलीत?" जावई म्हणाला. "अंतिम सामन्यातली तुमची जर्सी. ऑनलाइन सापडली. सहा महिने शोधत होतो."

सासरेबुवांनी जर्सी हातात घेतली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीतले वीस जण त्यांच्याकडे बघत होते, शिवाय मोबाइल.

"हीच ती," ते म्हणाले आणि डोळे पुसले. सगळ्यांना भरून आलं. सासरेबुवांना मात्र घाम आला होता.

त्याचं कारण असं. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या शहरातल्या क्लबाने मोठा चषक जिंकला होता. आयुष्यात एकदाच. त्या संघात सासरेबुवा चौदा नंबरचे राखीव खेळाडू होते. सामना टीव्हीवर नव्हता, वर्तमानपत्रांनी फक्त गोल करणाऱ्याचं नाव छापलं, आणि संघातले बाकीचे हळूहळू कोणी पांगले, कोणी वर गेले. मैदान असं मोकळं मिळाल्यावर सासरेबुवांनी मुलीच्या बारशाच्या सुमारास सांगितलं की शेवटची आठ मिनिटं ते खेळले. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा ते चिखलात तीनदा पडले होते. तिच्या लग्नात पंधरा मिनिटं झाली. गेल्या वर्षी क्लब वरच्या गटात गेला, जुन्या वस्तूंना भाव आला आणि क्लबाने स्मरणिका काढली. त्यातल्या मुलाखतीत ते बावीस मिनिटं खेळले, डाव्या कोपरावर आपटले आणि बॉलसकट पोटावर घसरत गेले.

प्रत्यक्षात ते नव्वद मिनिटं बाकावर बसून होते. मांडीवर बाकीच्यांचे स्वेटर होते. चिखलाचा एक थेंब अंगावर उडाला नव्हता. ही गोष्ट जगात फक्त आपल्यालाच माहीत आहे, असा त्यांचा बेचाळीस वर्षांचा समज होता. त्यांनी पाणीपुरवठा खात्यात जन्मभर लोकांचे मीटर वाचले, साहेबांची बोलणी खाल्ली, स्कूटर कधी घेतली नाही. घरात मान होता तो या बावीस मिनिटांचा. तो गेला तर मागे काय राहतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

तरी सगळं निभावलं असतं. पण जावई विमा कंपनीत होता आणि लोकांचे दावे तपासणं हे त्याचं काम होतं. जळालेल्या दुकानात गेला की तो आधी काय जळलं नाही ते बघायचा. तिसऱ्या दिवशी तो जर्सी फ्रेम करायला घेऊन चालला होता. वाटेत सवयीने त्याने ती उलटी केली. दहा मिनिटांत तो परत आला.

"बाबा, आपल्याला फसवलंय. ही बनावट आहे."

सासरेबुवांच्या हातातला चहा बशीत सांडला. "कशावरून?"

"आतल्या शिवणीत चिठ्ठी आहे. मशीनमध्ये धुवा, तीस अंश. बेचाळीस वर्षांपूर्वी क्लबाकडे वॉशिंग मशीन होतं?"

"क्लब तसा पुढारलेला होता," सासरेबुवा म्हणाले.

"तुम्हीच सांगता की बूट दोघांत एक जोड होता."

सासरेबुवांनी चहाकडे लक्ष दिलं. "जाऊ दे ना जावईबापू. भेट ती भेट. चिठ्ठी कापून टाकू."

"असं कसं जाऊ दे? तुमच्या नावावर कोणीतरी खोटं विकतंय बाबा. तुमच्या नावावर." जावयाचा आवाज खरोखरच कापत होता. त्याला स्वतःचे वडील आठवत नव्हते, आणि या माणसाच्या तीन पडण्यांवर त्याची भक्ती होती. सासरेबुवांना त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याने वेबसाइटवर तक्रार टाकली. तिथे अशा भांडणांसाठी एक वेगळं पान होतं. दोन्ही बाजूंनी आपापले पुरावे मांडायचे आणि मग वेबसाइटवाले निकाल देणार. विक्रेत्याचं नाव होतं 'जुनं ते सोनं'. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. जावयाने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं.

"'चिठ्ठी नंतर कोणीतरी शिवली असावी. चिखल अस्सल आहे. खेळाडूने स्मरणिकेत, पान अकरा, स्वतः सांगितलं आहे की ते डाव्या कोपरावर आणि पोटावर पडले. आमचा चिखल नेमका तिथेच आहे. शिवाय आपण वाढदिवसाला इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओत खेळाडू स्वतः हीच ती असं म्हणून रडत आहेत. आणखी काय पाहिजे?'" जावयाने मोबाइल खाली ठेवला. "माणूस बेरकी आहे. तुमचीच मुलाखत वाचून त्याने चिखल लावलाय."

"स्मरणिका फार लोक वाचतात म्हणायची," सासरेबुवा पुटपुटले.

"आता एकच उपाय. खरी जर्सी शेजारी ठेवायची आणि फोटो पाठवायचा. खरी कुठे आहे?"

"ती हरवली. घर बदललं तेव्हा."

"हरवली कुठे?" सासूबाई पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "पलंगाखालच्या पेटीत आहे. मीच दर वर्षी डांबराच्या गोळ्या बदलते."

सासरेबुवांनी बायकोकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण त्या तोवर पेटी ओढायला निघाल्याही होत्या.

जर्सी टेबलावर आली. निळा रंग कालच घेतल्यासारखा. जावयाने बॅगेतून भिंग काढलं. कोपर बघितला, पोट बघितलं, काखेची शिवण उलटी करून बघितली. मग दिव्याखाली धरून कापड ताणलं. लेक श्वास रोखून उभी होती. सासरेबुवांनी तर श्वास घेणं केव्हाच सोडलं होतं.

"आश्चर्य आहे," जावई म्हणाला. "डाग नाही. घामाची रेघ नाही. ही धुतलेली पण नाही, नुसती घडी घातलेली आहे. बाबा, स्पष्ट बोलू का?"

"बोला," सासरेबुवा म्हणाले. पितळ उघडं पडायची वेळ आलीच होती, तर जावयाच्या हातून पडलेलं बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"ही जर्सी घालून कोणी मैदानावर पळालेलंच नाही."

सासरेबुवांनी मान खाली घातली.

"म्हणजे," जावई म्हणाला, "ही पण बनावट आहे. खरी तेव्हाच कोणीतरी लांबवली आणि पेटीत ही कोरी आली. बेचाळीस वर्षं तुम्हाला पत्ता नाही. सामन्यानंतर जर्सी कोणाकडे गेली होती?"

सासरेबुवांना उत्तर सुचायच्या आत लेक बोलली. "लॉन्ड्रीवाल्या काकांकडे. बाबा नेहमी सांगतात ना, चिखल काढता काढता काकांचे चार साबण संपले."

हे चार साबण सासरेबुवांनी कधीतरी गोष्ट रंगावी म्हणून घातले होते. लॉन्ड्रीवाला त्यांचा जिवाभावाचा मित्र. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो बुद्धिबळ खेळायला यायचा आणि रोज हरून जायचा. जावयाने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"जुनी ओळख असेल तर जड जाईल तुम्हाला. मी एकटाच जाऊन विचारतो. आधी गोडीने. नाहीतर मग रीतसर तक्रार."

"अहो पण त्याने काय केलंय?"

"तेच विचारायचंय." जावई बूट घालायला दारापाशी बसला.

एका बुटाची नाडी बांधून झाली. सासरेबुवा खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. दुसऱ्या बुटाची गाठ पडता पडता ते दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला टेकवले.

"जाऊ नका. मी खेळलो नाही."

"काय?"

"अंतिम सामना. एक मिनिटपण खेळलो नाही. बाकावर बसून होतो. ही पेटीतली जर्सीच खरी. चिखल नाही कारण चिखलात गेलोच नाही. साबण नाही, कोपर नाही, काही नाही. सगळं मी रचलेलं आहे."

जावई हळूच उठला आणि त्याने सासरेबुवांचे दोन्ही हात धरले.

"मित्र वाचावा म्हणून तुम्ही स्वतःवर एवढा मोठा डाग घेताय?"

"अहो, डाग नाही हाच तर मुद्दा आहे."

"बाबा, तुम्ही किती मोठे आहात," लेक डोळ्याला पदर लावत म्हणाली.

"मी मोठा नाही गं. मी खोटारडा आहे."

"ऐकलंस?" जावई तिला म्हणाला. "खोटारडा माणूस असं कधी म्हणतो का? नोकरीत एकही भेटला नाही मला. बाबा, मी कामाच्या पद्धतीनेच बोलतो. तुम्ही खेळल्याचा पुरावा आहे. स्मरणिका आहे, व्हिडिओ आहे, नऊ वर्षं मी स्वतः ऐकतोय. न खेळल्याचा काही पुरावा आहे?"

सासरेबुवांनी खूप विचार केला. खोटं बोलायला त्यांना कधी एवढे कष्ट पडले नव्हते. "न खेळल्याचा पुरावा कोण ठेवतं?" ते हताशपणे म्हणाले.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्या पुन्हा पेटीपाशी गेल्या आणि तळाच्या कागदाखालून एक पाकीट घेऊन आल्या. पिवळं पडलेलं, कडेला फाटलेलं. जावयाने सवयीने आधी पोस्टाचा शिक्का भिंगातून बघितला. तारीख सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"माझ्या वडिलांचं पत्र," सासूबाई म्हणाल्या. "मी नर्सिंग शिकायला बाहेरगावी होते. यांचं स्थळ आलं होतं. वडील कोणाला न सांगता सामना बघायला गेले, मुलगा कसा आहे बघावं म्हणून. वाचा."

जावयाने वाचलं.

'काल जाऊन आलो. मुलगा खेळला नाही. नव्वद मिनिटं बाकावर बसला. मांडीवर सगळ्यांचे स्वेटर होते, ते त्याने दोनदा उघडून नीट घडी घातले. आपल्याला बोलावत नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं नाही. गोल झाला तेव्हा सगळ्यांत आधी तो उठला. जे अकरा खेळले त्यांतले तिघं पंचाच्या अंगावर गेले, एकाने बाटली फेकली. त्यांतला कोणी मला जावई म्हणून नको. हा चालेल. माझं मत हो आहे, तुझं कळव.'

सासरेबुवांनी पत्र हातात घेतलं आणि स्वतः वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. ज्या नव्वद मिनिटांची त्यांना जन्मभर लाज वाटली, त्यांच्यावर त्यांचा सगळा संसार उभा होता, आणि त्यांना ते सत्तराव्या वर्षी कळत होतं. या खेपेला डोळे पुसले ते घामामुळे नव्हे.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," ते बायकोला म्हणाले.

"लग्नाच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आठ मिनिटांपासून सुरुवात केलीत, बावीसवर आलात. म्हटलं नव्वदी गाठली तर गोलसुद्धा कराल. बघावं तरी." त्यांनी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. "मला बाकावरचा पसंत होता. तुम्हाला मैदानातला हवा होता, तर असू दे म्हटलं."

जावयाने बूट काढले. भिंग बॅगेत ठेवलं. वहीतलं लॉन्ड्रीवाल्याचं नाव त्याने इतकं खोडलं की कागद फाटला. "बाबा," तो म्हणाला, "मी दिवसभर लोकांचं खोटं पकडतो. तुमचं नऊ वर्षं पकडता आलं नाही. बढती देणार होते मला."

"सांगू नका ऑफिसात," सासरेबुवा म्हणाले, आणि पहिल्यांदा दोघं हसले.

पत्राचा फोटो वेबसाइटला गेला. 'जुनं ते सोनं'ने शेवटचं उत्तर पाठवलं ते असं: 'मान्य आहे. पण खेळाडूने स्मरणिकेत खोटी माहिती दिल्यामुळे आम्ही चुकीच्या जागी चिखल लावला. या प्रकरणात फसवणूक आमचीच झाली आहे.' जर्सी परत गेली, तक्रार मिटली. बैठकीच्या खोलीत आता पेटीतली कोरी जर्सी फ्रेम करून लावली आहे, आणि तिच्याखाली पत्राची प्रत. हा हट्ट जावयाचा.

नवा कोणी घरी आला की विचारतोच. "अंतिम सामन्यातली? आणि इतकी स्वच्छ?"

"बसून होतो," सासरेबुवा सांगतात. "नव्वद मिनिटं. एकदाही बोलावणं आलं नाही." इतकंच सांगून ते थांबायचे. पहिला महिना थांबले. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की बाक ओला होता. परवा जावयाचे साहेब आले होते, ते फारच मन लावून ऐकत होते.

"बसणं काही सोपं नसतं साहेब," सासरेबुवा म्हणाले. "त्यात त्या बाकाला पायच तीन. चौथ्या कोपऱ्याचा सगळा भार मी नव्वद मिनिटं या मांडीवर..."

स्वयंपाकघरातून सासूबाई खोकल्या. बाकाला चौथा पाय परत आला.