अभिमनभाऊंचा उजवा पाय

घरची प्रार्थना नुसती वाचायची नाही, करून दाखवायची, असं मी ठरवलं, तेव्हा त्यात कमरेला काही धोका असेल असं मला कोणीही सांगितलं नव्हतं.

ठरवायला कारण घडलं ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांमुळे. ते एका संध्याकाळी चहाला आले होते. आमच्या घरी रोज जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते हे मी त्यांना जरा फुशारकीनेच सांगितलं. त्यांनी कौतुकाने आमच्या योएलला जवळ घेतलं आणि विचारलं, "मग बाळा, पप्पा कुठली गोष्ट वाचतात?"

योएल तेरा वर्षांचा आहे. खोटं बोलायचं नाही हे मीच त्याला शिकवलंय. तो म्हणाला, "लांब."

पाळकसाहेब हसले, मोहिनी हसली (मोहिनी म्हणजे माझी बायको; तिला माझ्यावर हसायला पाहुणा लागत नाही, पण पाहुणा असला की जास्त हसते), आणि नऊ वर्षांची तबिथा तर खुर्चीवरून खाली घसरली. जाताना पाळकसाहेबांनी मला फाटकाशी थांबवलं. मुलांना ऐकवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर काहीतरी करा, हातांनी केलेलं विसरत नाहीत, असं ते म्हणाले. त्याच क्षणी मी कंबर कसली. कंबर हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय.

मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही. आमच्या खात्यात ठरायलाच इतका वेळ लागतो की नंतर हटायला जीव होत नाही.

पहिला प्रयोग बेखमीर भाकरीचा. इस्राएल लोक मिसर देशातून घाईघाईने निघाले, पीठ आंबवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी खमिराशिवाय भाकरी केली, हे मी मुलांना परातीभोवती बसवून सांगितलं. सगळ्यांनी हाताला पीठ लावलं. भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा योएल तिच्याकडे पाहत म्हणाला की ही तर पोळी आहे. तबिथाने विचारलं, आपण रोज मिसर देशातून निघतो का? मोहिनीने त्या दिवशी वेगळा स्वयंपाक केला नाही, एवढाच काय तो फायदा.

दुसरा प्रयोग पेरणाऱ्याच्या दाखल्याचा. गच्चीवर चार कुंड्या: एकीत खडक, एकीत काटे, एक वाटेसारखी टणक, आणि चौथीत उत्तम काळी माती. दाखल्यात पाखरं फक्त वाटेवरचं बी खातात. आमच्या मेहरूण भागातल्या कबुतरांनी मात्र चारही कुंड्या सारख्याच मानल्या.

मी खचलो नाही. ईस्टरचा आठवडा आला होता, आणि गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी काय करायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. त्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतलं आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. गुरूने शिष्यांचे. हे मुलांना सांगून कळणार नव्हतं. बापाने त्यांच्यासमोर गुडघे टेकले तरच कळलं असतं.

सणासाठी माझ्या सासूबाई, सुंदरबाई, धुळ्याहून आल्या होत्या. मी पितळी परात काढली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. कणकेच्या परातीत पाय धुणारा धर्म त्यांना ठाऊक नव्हता. मग मी न्हाणीघरातला निळा टब आणला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये चहा टाकण्याइतकं तापलेलं असतं, म्हणून त्यात माठातलं गार पाणी मिसळलं. कमरेला टॉवेल बांधला. त्याची गाठ पोटामुळे बसेना, तेव्हा मोहिनीने सेफ्टी पिन लावून दिली.

योएलपासून सुरुवात केली. त्याला गुदगुल्या होतात. त्याने झाडलेल्या लाथेने निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं, पण तो हसत होता आणि मोबाइल त्याच्या हातात नव्हता, म्हणून मी ते शुभ मानलं. तबिथाने नेलपॉलिश सांभाळून पाय दिले. मग मोहिनीची पाळी आली. ती म्हणाली, कुकरकडे लक्ष आहे, लवकर आटपा. मी तिचा पाय हातात घेतला. टाचांना भेगा होत्या, खोल, जुन्या. ही बाई दिवसभर याच पायांवर उभी असते हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. मी जरा हळू धुतले. तिने कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत.

सासूबाई मात्र पाय पोटाशी घेऊन बसल्या. "जवाईबोवा, मना पायले हात लावू नका. हाई उलटं व्हई जाई."

आमच्याकडे सासरची माणसं जावयाचे पाय धुतात, जावई सासूचे नाही. पण तबिथा टाळी वाजवून म्हणाली, आजी, पेत्रसुद्धा अगदी असंच म्हणाला होता. आणि खरंच, पेत्राने आधी नाही म्हटलं, आणि येशूने समजावल्यावर तो म्हणाला की मग नुसते पायच नको, हात आणि डोकंही धुवा. सासूबाईंनी नातीचं सगळं ऐकून घेतलं, विचार केला, आणि लुगडं जरा वर सरकवलं.

"मंग गुडघापावत धुवा," त्या म्हणाल्या. "भलता दुखतस."

मी गुडघ्यापर्यंत धुतले. कमरेत एक बारीक कळ आली ती तेव्हाच. मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण माझा पाठ रंगला होता. इथेच मी आमेन म्हणायला हवं होतं. तबिथाने प्रश्न विचारला.

"पप्पा, येशूने यहूदाचेपण पाय धुतले?"

मी म्हणालो, हो, धुतले. तो धरून देणार हे माहीत असूनही धुतले.

"मग आपण फक्त आपल्यातल्याच लोकांचे का धुतो?"

सगळ्यांच्या नजरा एकाच भिंतीकडे गेल्या. त्या भिंतीपलीकडे अभिमनभाऊ पाटील राहतात.

अभिमनभाऊ मूळचे एरंडोलचे, एसटीतून निवृत्त झालेले. आमचं उत्तम होतं. मग उन्हाळा लागला, मी कूलर बसवला, आणि त्याची पाण्याची नळी जिथे सोडली तिथे, त्यांच्या ओट्यावर, धुरपदावहिनींचे बिबडे वाळत होते. ज्वारी भरडून, आंबवून, शिजवून, भल्या पहाटे उठून घातलेले वर्षभराचे बिबडे. त्यांचा चिखल झाला. मी म्हणालो की नळी वाऱ्याने सरकली असेल. दुसऱ्या दिवशी तीच नळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलेली सापडली, गव्हाच्या पिठाच्या डब्यात. अभिमनभाऊ म्हणाले, वाऱ्याने सरकली असेल. तेव्हापासून बोलणं बंद होतं. दोन्ही घरं वाऱ्यावर भार टाकून बसली होती.

मी मुलांना म्हणालो की अभिमनभाऊंना यहूदा म्हणायचं नाही. योएल म्हणाला, म्हणत नाही, पण धुवायचे की नाही? तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला एखाद्या शास्त्रपाठाचं पुढे काय होतं ते जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हणालो असतो तर तो पुन्हा मोबाइल घेऊन बसला असता, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नसतं.

"जा, बोलाव," मी तबिथाला म्हणालो. (ते येणार नाहीत याची मला पूर्ण खात्री होती. धाडस मी नेहमी अशाच वेळी करतो.)

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. तबिथाने जाऊन स्पष्ट सांगितलं की पप्पांना तुमचे पाय धुवायचेत. पण एसटीच्या इंजिनांशेजारी नोकरी केल्यामुळे अभिमनभाऊंना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं, पप्पांना तुमचे पाय धरायचेत.

ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, टोपी नीट करून, आणि साक्षीला धुरपदावहिनींना घेऊन. खुर्चीत ऐसपैस बसले आणि पाय पुढे केले. टब पाहून क्षणभर थबकले, पण माफीची ही काही ख्रिस्ती पद्धत असावी असं समजून त्यांनी चप्पल काढली.

मी डावा पाय धुतला. पुसला. उजवा पाय हातात घेतला, पाणी घालायला पुढे वाकलो, आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्कन झालं.

मी तिथेच राहिलो. वर येईना, खाली जाईना. श्वास घेतला तरी कळ यायची. आधाराला हाताशी एकच वस्तू होती, अभिमनभाऊंचा उजवा पाय. तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

अभिमनभाऊंना हे अपेक्षित नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बस झालं भाऊ. उठा आता."

"उठता येत नाही," मी म्हणालो.

"एवढं मनाला लावून घेऊ नका."

"अहो, खरंच उठता येत नाही."

धुरपदावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, कळ तशीच होती. ते पाणी अभिमनभाऊंच्या घोट्यावर पडलं. ते खाली वाकले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नळी मीच वळवली होती. पिठाच्या डब्यात. मुद्दाम."

आता माझी पाळी होती. कमरेतून कळा येत असताना माणसाला सबबी सुचत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मी त्यांच्या पायाशी बोललो, कारण मान वर होत नव्हती. वारा नव्हता, नळी मीच तशी सोडली होती, बिबडे भिजतील हे मला दिसत होतं आणि मी आळस केला, असं सगळं सांगितलं. योएल आणि तबिथा शेजारीच उभे होते. त्यांच्या बापाने चूक कबूल केलेली त्यांनी यापूर्वी पाहिली नव्हती. तशी ती कोणीच पाहिली नव्हती.

सगळं बोलून झालं तरी मी पाय सोडेना, तेव्हा सासूबाई पुढे आल्या, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, याले रडू नही, याले उसण भरनी शे."

मग पळापळ झाली. अभिमनभाऊंनी मला काखेत धरलं, योएलने पाय उचलले, मोहिनीने टब ओढला, आणि मला होतो त्याच आकारात पलंगावर नेऊन ठेवण्यात आलं. टॉवेलची पिन कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. ती माझ्या लक्षात आली. धुरपदावहिनींनी घरून तेल गरम करून आणलं आणि अभिमनभाऊंनी बाह्या सरसावून माझी कंबर चोळली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, तुम्ही माझे पाय धुतले तेव्हा मी नको म्हणालो का?

तबिथाने पलंगाच्या कडेला उभं राहून स्वतःहून प्रार्थना केली. तिने माझी कंबर मागितली, अभिमनआबांचा कान मागितला आणि पुढच्या वर्षीचे बिबडे कोरडे मागितले. योएलने डोळे मिटले होते. अभिमनभाऊ तेलकट हात जोडून उभे होते, आणि प्रार्थना अजिबात लांब नव्हती.

डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं. त्यामुळे ईस्टरला सगळे चर्चला गेले आणि मी घरी छताकडे पाहत राहिलो. दुपारी सगळे परतले. धुरपदावहिनी शेवयांची खीर घेऊन आल्या, अभिमनभाऊ माझ्या उशाशी बसले, आणि मुलं बाहेर सासूबाईंबरोबर बराच वेळ कुजबुजत होती. मग तबिथा आत आली आणि तिने जाहीर केलं की आजची प्रार्थना ती आणि योएल घेणार आहेत, आणि तीही करून दाखवायची आहे.

माझा ऊर भरून आला. मी विचारलं, गोष्ट कुठली?

गोष्ट पक्षाघात झालेल्या माणसाची होती. चार मित्र त्याला खाटेसकट उचलतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. खाट उचलायला योएल, मोहिनी आणि दोन्ही पाटील असे चौघं ठरले होते. अभिमनभाऊ उठून गच्चीच्या जिन्याची रुंदी हाताने मोजायलाही लागले होते. आजारी माणूस कोण हे मला कोणी विचारलं नाही. तुम्हाला एकही वाक्य नाही, असं तबिथाने मला धीर देत सांगितलं.

मी म्हणालो, पण या गोष्टीचा कळस शेवटी आहे. येशू म्हणतो, ऊठ, आपली खाट उचल आणि चालू लाग, आणि तो माणूस सगळ्यांसमोर उठून चालू लागतो.

योएल खाटेचा पाय धरून खाली वाकला होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"तेवढं आम्ही कापलंय, पप्पा," तो म्हणाला. "तुम्हाला झेपणार नाही."