बंद पडायची जागा

उस्तादांनी ट्रक तिसऱ्यांदा दुरुस्त केला आणि ट्रक तिसऱ्यांदा त्याच फाटकासमोर बंद पडला.

ट्रक म्हणजे काही साधासुधा नव्हे. जुन्या लष्करी गाड्यांच्या संग्रहालयातला सहाचाकी डिझेल ट्रक, वयाने उस्तादांपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि स्वभावाने त्यांच्याइतकाच हेकट. चावीबिवी त्याला ठाऊक नाही. सुरू करायला सेल्फचं बटण आणि बंद करायला लाल मूठ. मूठ ओढली की तिची तार थेट पंपाचं डिझेल तोडते आणि इंजिन झोपतं. उभी गाडी गंजते, म्हणून प्रत्येक गाडीने रोज सकाळी टेकडीला एक फेरी मारायची, असा संग्रहालयाचा नियम होता. बाकीच्या गाड्या मुकाट्याने जाऊन येत. हा मात्र चढावरच्या चौथ्या वळणाला, हिरव्या फाटकाच्या घरासमोर, दोन आचके द्यायचा आणि गप्प. मग सात मिनिटं कितीही सेल्फ मारा, ढिम्म हलायचा नाही. आठव्या मिनिटाला पहिल्याच सेल्फला सुरू, जसं काही झालंच नव्हतं!

उस्ताद म्हणजे साधी असामी नव्हे. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते आजार सांगत, आणि त्यांनी एकदा सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ. पहिल्यांदा ते म्हणाले, "हवा धरलीय." हवा काढली. दुसऱ्यांदा म्हणाले, "फिल्टर चोंदलाय." फिल्टर बदलला. तिसऱ्यांदा पंप उतरवला, उघडला, धुतला, पुसला, बसवला. ट्रक बिचारा सगळं करून घ्यायचा आणि चौथ्या वळणाला जाऊन उभा राहायचा.

चौथ्या दिवशी ट्रक चालवणारा पैलवान ट्रक तिथेच सोडून पायी परत आला. अंगाने दाराएवढा माणूस, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"उस्ताद, मी उद्यापासून त्या गाडीत बसणार नाही. पाहिजे तर झाडू मारीन."

"अरे, झालं काय?"

"त्या फाटकातून एक आजी येतात. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप. म्हणतात, 'आलात? आज उशीर झाला.'"

"मग चांगलं आहे की! चहा मिळतोय फुकट."

"माझ्याशी नाही बोलत हो! माझ्या शेजारच्या जागेकडे बघून बोलतात. तिथे कुणी नसतं. एक कप मला देतात आणि दुसरा त्या जागेसमोर ठेवतात."

उस्तादांनी पाना खाली ठेवला. "बरं. मग?"

"मग सात मिनिटांनी गाडी सुरू होते. आजी कप उचलतात. रिकामा असतो."

उस्ताद एक पाऊल मागे सरले. "रिकामा? दुसरासुद्धा? मग पितो कोण?"

"मीच पितो," पैलवान खाली बघत म्हणाला. "भीतीने घसा कोरडा पडतो हो."

उस्तादांनी त्याला चार शब्द सुनावले, पण संध्याकाळी गुपचूप चौकशी केलीच. आजींचा नवरा लष्करात ड्रायव्हर होता. बावीस वर्षं त्याने एकच ट्रक चालवला. हाच. रोज बराकीकडे जाताना तो दारात ट्रक थांबवायचा, चहा प्यायचा आणि पुढे जायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. संग्रहालयाच्या साहेबांनी उस्तादांना बोलावून घेतलं.

"उस्ताद, भूतबित मला सांगू नका. शनिवारी मी स्वतः त्या ट्रकमध्ये बसणार. ट्रक बंद पडला तर सोमवारी भंगारात. बास!"

उस्ताद म्हणजे तीस वर्षं त्या इंजिनाच्या छातीला कान लावलेला माणूस. घरी आले ते जेवण समोर ठेवून नुसते बसून राहिले.

"जेवा की," बायको म्हणाली. "आणि त्या मोरीत बघा जरा, पाणी जात नाहीये."

उस्ताद उठले. मोरीच्या जाळीवर सालांचा थर बसला होता. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, तशी सालं आणखीच घट्ट बसली. थोड्या वेळाने सालं आपोआप सुटून तरंगली आणि पाणी गटगट निघून गेलं. उस्ताद तसेच वाकून उभे राहिले.

"अगं, टाकीत आहे काहीतरी!" ते ओरडले. "चढावर इंजिन जोरात ओढतं, ते नळीच्या तोंडाला चिकटतं. गाडी बंद पडली की सुटून खाली बसतं. सात मिनिटांत!"

"हो का? म्हणजे भूत नाही?"

"कसलं भूत घेऊन बसलीस!"

शनिवारी पहाटेच उस्तादांनी टाकी उतरवली. कुठे खोट राहू नये म्हणून पंपाच्या नळ्या, पंपावरची तार, सगळं पुन्हा सोडवलं. टाकीत हात घातला आणि बाहेर काढला तर हातात पिवळ्या फुलांचं फडकं. फडकं त्यांच्याच घरच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचं होतं. जे जे परत जोडायचं राहिलंय त्याला चिंधी बांधून ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. त्या चिंध्यांसाठी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी तो पडदा पळवला होता आणि "मी नाही बाई पाहिला" म्हणून बायकोसमोर शपथही घेतली होती. टाकीचं झाकण सापडेना तेव्हा त्यातलाच मोठा तुकडा तोंडात कोंबला, तो आत पडला, आणि उस्ताद साफ विसरले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. त्यांनी फडकं खिशात कोंबलं आणि बायकोला फोन केला.

"सापडलं. आता ट्रक तिथे थांबायचा नाही."

बायको म्हणाली, "मग त्या आजींचं हो काय? त्या ट्रे घेऊन उभ्या राहतील ना?"

उस्तादांनी फोन ठेवला. साहेब तर शेडच्या दारात येऊन घड्याळ बघत होते. उस्तादांनी घाईघाईने जोडाजोड केली, सेल्फ मारला आणि निघाले. लांबलचक सीटवर एका कडेला उस्ताद, दुसऱ्या कडेला साहेब. मधली जागा रिकामी.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. इंजिन कसं लोण्यासारखं चाललं होतं. चौथ्या वळणाला हिरवं फाटक उघडं दिसलं. आजी ट्रे घेऊन उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले. ट्रकचा वेग कमी होईना तशी त्यांची मान हळूहळू वळू लागली आणि चेहरा उतरत गेला. उस्तादांना ते बघवेना. जाऊ दे भंगारात, म्हणून त्यांनी लाल मूठ ओढली. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"पडली ना बंद?" साहेब जवळजवळ खूश होऊन म्हणाले.

"पडली नाही साहेब, मी पाडली. ही मूठ ओढलीय, बघा."

"का?"

"आजींना भेटायला."

आजी खिडकीशी आल्या. उस्तादांकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. दोघांच्या मधोमध बघून म्हणाल्या, "आलात? मला वाटलं, आज तसेच जाताय." साहेबांनी दचकून मधल्या जागेकडे बघितलं आणि दाराला आणखी चिकटून बसले. पुढे आलेला कप त्यांनी मुकाट्याने घेतला. दुसरा मधल्या जागेसमोर ठेवला गेला. झाडावरचा कावळासुद्धा ओरडायचा थांबला होता.

चहा संपल्यावर उस्तादांनी सेल्फ मारला. ट्रक पहिल्या फटक्यात सुरू झाला.

"चालतो की उत्तम!" साहेब म्हणाले. त्यांना तिथून निघायची भलतीच घाई झाली होती. "तुम्हीच बंद केला होतात ना, नक्की?"

"आईशप्पथ, साहेब."

शेडमध्ये पोचताच साहेबांनी उडी मारली आणि उभ्या उभ्या कागदावर सही केली, 'वाहन सुस्थितीत'. पैलवानाने टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी ऐटीत लाल मूठ ओढली. इंजिन चालूच. त्यांनी पुन्हा ओढली. मूठ कशी सैल हातात आली आणि इंजिन आपलं धडधडतच राहिलं.

उस्तादांनी खाली उतरून बोनेट उचललं. पंपाशेजारी मुठीची तार मोकळी लोंबत होती. परत जोडायला विसरू नये म्हणून पहाटे त्यांनीच तिच्या टोकाला पिवळ्या फुलांची चिंधी बांधली होती. गाठ जशीच्या तशी होती.

"काय झालं हो?" साहेबांनी लांबूनच विचारलं.

उस्तादांनी सहीच्या कागदाकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं आणि हातानेच पंप बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"काही नाही, साहेब. गाडी ठणठणीत आहे."

साहेब गेले. पैलवान जवळ आला. "उस्ताद, मग उद्याची फेरी कोण मारणार?"

"मी मारतो," उस्ताद तार जोडता जोडता म्हणाले. "तू बरोबर चल. आणि हे बघ, कडेला बस. मधली जागा मोकळी सोड."